गावातली बीपी तपासणी शिमग्यापर्यंत चालली आणि मग गळाली. तुमच्याकडे काय टिकलं?

परतीचापाऊस:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव, चार वाड्या, एक शाळा, एक तिठा. मी बावीस वर्षं डोंबिवलीत काढली आणि लॉकडाऊननंतर कायमचा गावी आलो. यायचं कारण वडील. त्यांना बीपीची गोळी चालू होती, बरं वाटतंय म्हणून त्यांनी स्वतःच बंद केली आणि चार महिन्यांनी उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन पडवीत फिरतात.

तर दिवाळीनंतर मी आणि दोन मित्रांनी ठरवलं की दर रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या व्हरांड्यात बीपी आणि शुगर बघायची. मशीन मुंबईकरांनी वर्गणी काढून दिलं. पहिल्या रविवारी एवढी गर्दी की स्ट्रिप्स संपल्या. एका काकांचं १९०/११० निघालं आणि ते सायकल हाणत आले होते! बरेच जण १४० च्या वर. आम्हाला वाटलं आता काय, गाव सुधारलं. शिमग्यापर्यंत माणसं कमी होत होत पाच-सहावर आली, आणि गेले तीन रविवार मी, मशीन आणि शाळेतला कुत्रा एवढेच असतो.

मला भाषण नकोय (ते वडील रोज देतात). तुमच्याकडे आरोग्याचं असं काही गावातल्या माणसांनी सुरू केलेलं आणि खरंच टिकलेलं आहे का, आणि ते कशामुळे टिकलं, एवढंच सांगा.

तिकीट_कन्फर्म:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे तुमचं काम नाहीच. आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी, एक्सरे मशीनवर धूळ, आणि आपण व्हरांड्यात बसून ठिगळं लावायची. तुम्ही ठिगळं लावता म्हणूनच वरच्यांचं फावतं. आमच्या गावातून डिलिव्हरीसाठी बाईला चाळीस किलोमीटर नेतात अजून. त्यावर आंदोलन करा, बीपीचं काय घेऊन बसलात.

कातळसडा:
तिकीटभाऊ दोन्ही करता येतं की. आंदोलन झाल्यावर घरी येऊन पाणी पितोच ना आपण.

पाऊससाहेब, तुमचा रविवार सकाळ दहा हाच घोटाळा आहे. रविवारी दहाला कोकणातला माणूस एकतर मासळी बघायला गेलेला असतो नाहीतर मटणाच्या रांगेत. त्याला तुम्ही बीपी बघायला बोलावताय, आणि नंतर मटण खाऊ नको म्हणून सांगणार! कोण येईल.

आमच्याकडे (राजापूर तालुका, सड्यावरची वाडी) विहिरीचं काम टिकलंय. बाहेरच्या लोकांना वाटतं कोकण म्हणजे पाणीच पाणी. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यातून सगळा झिरपून समुद्राला जातो, एप्रिल-मे मध्ये विहिरीत बादली खरवडते. मग टँकर येतो, तो विहिरीतच ओततात, आणि काविळीची साथ तिथूनच. दरवर्षीचं होतं हे.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला लोकांचा विरोध, पाण्याला औषधासारखा वास येतो म्हणून. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बिचारा टाकायचा आणि शिव्या खायचा. हिशोब सोपा आहे, हजार लिटरला अडीच ग्रॅम, पण तो अंदाजाने मूठभर टाकायचा, म्हणून कधी वास, कधी काहीच नाही. मग आमच्या वाडीत पहाटे पहिली घागर भरणारी एक म्हातारी आहे, तिच्याकडेच आम्ही ओटी टेस्टची बाटली दिली. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. म्हातारीला वाचता येत नाही, पण पिवळं झालं नाही तर ती जलसुरक्षकाच्या दारात उभी राहते आणि पूर्ण वाडीला ऐकू जाईल असं बोलते. पाच वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. आधी ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीत लाल कार्ड होतं, आता हिरवं आहे. पाच वर्षं सलग हिरवं राहिलं तर चंदेरी मिळतं, त्याची म्हातारीलाच जास्त घाई.

मुद्दा काय तर ती पहाटे विहिरीवर जाणारच होती. आम्ही फक्त बाटली दिली.

परतीचापाऊस:
हे भारी आहे. आणि रविवारचं बरोबर बोललात, मुंबईच्या सवयीने रविवार धरला मी. गावात रविवार असा काही वेगळा नसतोच हे लक्षातच आलं नाही.

बांद्याचो_झील:
माका विचारशाल तर लोकांका भ्याच वाटाक होया, मगेच ती आयकतत. (सगळा मालवणीत लिवलंय तर वरची मंडळी वाचूची नाय म्हणून पुढचं मराठीत.)

२०१६ ला आमच्याकडे दोडामार्गात माकडताप आला, पुढे बांद्याच्या बाजूला पण. पुस्तकात त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात, कर्नाटकात १९५७ ला सापडला तिथल्या जंगलाचं नाव, पण इथे माकडतापच. गोचडीतून येतो. गोचडीची पिल्लं तिळाएवढी, दिसत पण नाहीत, चावलेली कळत नाहीत. ताप, डोकं फुटतंय असं वाटतं, अंग मोडून येतं, काहींना रक्तस्राव, आणि काहींना बरा झाला झाला म्हणतो तोवर परत दुसरा ताप. त्याच्यावर खास औषध नाही, लक्षणं बघून उपचार. कर्नाटकात बरीच वर्षं लस द्यायचे, ती पुरेशी काम करेना म्हणून थांबवली.

आणि हंगाम कुठला तर काजूचा. जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत. काजूची बी वेचायला खाली वाकायचं, पाचोळ्यात हात घालायचा, गोचडी तिथेच. सुरुवातीला जो येई तो सांगे बागेत जाऊ नका. अरे वर्षाचं उत्पन्न त्या तीन महिन्यात येतं, न जाऊन काय खाऊ? त्यामुळे कोणी ऐकलं नाही आणि ऐकणारही नव्हतं.

टिकलं ते वेगळंच. गोचडी लागू नये म्हणून डीएमपी तेल मिळतं आरोग्य खात्याकडून, ते हातापायाला लावून जायचं. बाटली घरात ठेवली की विसरायची, म्हणून लोकांनी मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) दाराला, कोयती जिथे अडकवतात तिथेच टांगली. कोयती घेताना तेल. आणि परत आल्यावर घरात शिरायच्या आधी न्हाणीत गरम पाण्याने आंघोळ, कपडे गरम पाण्यात. हे माझ्या बायकोने लावलं, आंघोळ नाही तर चहा नाही. शेजारणींनी तेच उचललं. आता वाडीत बिनआंघोळीचा माणूस चहा मागायला कुठे जाऊ शकत नाही, सगळीकडे नाकाबंदी.

सगळ्यात कठीण काय होतं सांगतो. माकड मेलेलं दिसलं की आमच्यात त्याला उचलून, नारळ ठेवून नीट पुरायचे. मारुतीचं रूप ना. आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचड्या उतरून आजूबाजूला पसरतात, म्हणजे तिथे जाणंच धोक्याचं. आधी कळवायचं, मग माणसं येऊन पन्नास फुटांपर्यंत पावडर मारतात. पण हात लावू नका म्हणल्यावर म्हातारी माणसं चिडली, देवाक असाच टाकूचो? शेवटी गावकारांनीच तोडगा काढला, की नारळ मारुतीच्या देवळात ठेवायचा आणि माकडाला लांबून नमस्कार. कोणा डॉक्टरला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी त्याचं कोणी ऐकलं नसतं.

कातळसडा:
झिला, नाकाबंदी वाचून हसतोय एकटाच.

मी_आशा_वाडी_क्रमांक_तीन:
मी आशा आहे, रत्नागिरी जिल्हा. गाव सांगत नाही. पहिल्यांदाच लिहितेय, चुका पोटात घाला.

वर कोणी लिहिलं नाही अजून पण लिहितील म्हणून आधीच सांगते, "लोक ऐकत नाहीत" हे वाक्य मी मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की पुरे. लोक ऐकतात, आपण चुकीच्या वेळी जातो. आम्हाला पगार नाही, काही ठरलेला मोबदला, बाकी कामाप्रमाणे, तो पण कधी येईल तेव्हा. म्हणजे मी दोनदा फेरी मारली तर दुसरी माझ्या चपलांची. म्हणून मला एकाच फेरीत काम व्हायला हवं असतं, त्यातून अक्कल आली.

लेप्टोचं, म्हणजे चिखलपाण्यातून येणाऱ्या तापाचं सांगते. लावणीच्या दिवसात तो होऊ नये म्हणून डॉक्सीची गोळी द्यायची असते, आठवड्याला एकदा दोन कॅप्सूल, शंभरच्या. मी आधी संध्याकाळी घरोघर जाऊन द्यायचे. बायका दिवसभर चिखलात वाकून आलेल्या, चूल पेटवायची, गुरं, पोरं. गोळी घेऊन देव्हाऱ्यात ठेवायच्या. महिन्याने बघितलं तर चारही आठवड्यांच्या गोळ्या गणपतीच्या पायाशी! गणपतीला लेप्टो होणार नाही याची खात्री.

मग मी मळ्यात जायला लागले. दहा-साडेदहाला पेज पितात बांधावर बसून. पेजेबरोबर आंबोशीची फोड, सुका बांगडा. पेज पिऊन झाली की तिथेच हातावर गोळी आणि तांब्याभर पाणी. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, आणि एका बाईला मळमळलं की अख्खी वाडी गोळी सोडते, हे अनुभवाने सांगते. पेजेनंतर कोणाला काही होत नाही. गरोदर असेल तिला नाही द्यायची, आठ वर्षांखालच्या पोरांना नाही, ते मी वहीत लाल पेनने लिहून ठेवते.

एकदा गमबूट आले होते वाटायला. लावणीच्या चिखलात गमबूट घालून बघा एकदा कोणीतरी. पाय वर येतो, बूट खाली राहतो. आता त्यात झेंडू लावलेत लोकांनी. त्यापेक्षा पायाच्या भेगांना खोबरेल आणि हळद लावून जा, जखम असेल तर चिंधी नाही, नीट पट्टी, एवढं ऐकतात, कारण भेगा त्यांनाही दुखतातच. जंतू तिथूनच शिरतो. उंदराच्या मुतातून, गुरांच्या पण. ताप आला, पोटऱ्या दुखल्या आणि डोळे लाल झाले तर लावणी राहू दे, आधी सरकारी दवाखाना. हे मात्र दमात घेऊन सांगते.

तिकीट_कन्फर्म:
ताई तुमच्याबद्दल आदरच आहे. पण तुम्हीच बघा तुम्ही काय लिहिलंत, दुसरी फेरी माझ्या चपलांची. हेच तर म्हणतोय मी. तुमच्या चपलांवर खातं चाललंय.

मी_आशा_वाडी_क्रमांक_तीन:
हो दादा चाललंय. मोर्चाला पण मीच गेले होते, आझाद मैदानात तीन दिवस झोपले. परत आले तर लावणी सुरू झालेली. गोळ्या कोणी द्यायच्या होत्या मग?

सावित्रीकाठचा:
महाडकडचा आहे. विंचवाचा विषय निघाला नाही म्हणून आश्चर्य वाटलं. आमच्या लहानपणी लाल विंचू चावला की माणूस जायचा, पोरं तर हमखास. घाम, हातपाय गार, उलट्या, मग छातीत पाणी होऊन धाप. बिरवाडीच्या प्राथमिक केंद्रात असताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी एकेका पेशंटजवळ रात्र रात्र बसून टिपणं काढली आणि प्रॅझोसिन, म्हणजे बीपीची गोळी, त्यावर लागू पडते हे दाखवलं. १९८० च्या दशकातली गोष्ट, लॅन्सेटमध्ये छापून आली. आधी चाळीस टक्क्यांच्या आसपास मृत्यू व्हायचे, ते एक टक्क्याच्या जवळ आले. २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा महाडात पेढे वाटले लोकांनी. मोठी लॅब नाही काही नाही, तालुक्याच्या ठिकाणी. तिकीटभाऊंना सांगायचंय की ते पण एका परीने ठिगळच होतं.

आता आमच्या वाडीचं. फुरसं चावणं हे इथे नेहमीचं, भातकापणीत, गवत काढताना, दगडी गडग्यात हात घातला की. आणि साप चावला की आधी भगत. मंत्र, पाला, कोंबडं, यात दोन-तीन तास जायचे. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं, हिरड्यातून, लघवीतून रक्त, तोवर उशीर झालेला असतो. व्याख्यानं झाली, पथनाट्य झालं, अंधश्रद्धा वगैरे. भगताचा अपमान झाला एवढंच निष्पन्न, आणि लोक त्याच्याच बाजूने.

मग चार वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एका पोराला चावलं, नववीतला. सगळे भगताकडे घेऊन गेले. तिथे रिक्षावाला होता आमचा, तो भगताला म्हणाला, बाबा तुम्ही पण बसा रिक्षात, मंत्र वाटेत म्हणा, तुमच्याशिवाय आम्ही पोराला नेणार नाही. म्हातारा विचारात पडला आणि बसला! घाटातून मंत्र म्हणत म्हणत आले. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात, गोठतं का बघायला. नाही गोठलं. सापाच्या विषावरची लस चालू केली. पोराला पण मोठ्या माणसाएवढीच लस लागते हे मला तिथे कळलं, कारण साप काही लहान बघून कमी विष सोडत नाही. भगत बाहेर बाकड्यावर रात्रभर. पोरगं वाचलं, आता आयटीआयला आहे.

त्यानंतर भगताकडे कोणी आलं की तोच सांगतो, रिक्षा बोलवा, मी येतो. त्याचा मान गेला नाही, उलट वाढला, नाक्यावर डॉक्टर त्याला चहा विचारतात. आता तर लोक त्याला फोन करतात आणि तो म्हणतो तुम्ही निघा पुढे, मी इथून मंत्र सुरू करतो :)

(अजूनही काही जण पाय घट्ट आवळून बांधतात, ब्लेड मारतात. ते करू नका. हलवू नका पाय आणि निघा.)

बांद्याचो_झील:
भगताक रिक्षेत बसयलो, तां बरां केलात. आमच्याकडेय असोच एक आसा, तेका दाखवतंय ह्यां.

परतीचापाऊस:
सावित्रीकाठचे, हे वाचून आमच्या शेजारच्या वाडीतला एकजण आठवला. गेल्याच वर्षी गेला. त्याला रिक्षा मिळाली होती पण पहिल्या ठिकाणी लस नव्हती, दुसरीकडे पाठवलं. त्यामुळे तिकीटभाऊंचंही खोटं नाही.

वाशिष्ठीच्या_पुरातला:
चिपळूण. २२ जुलै २०२१ विसरू म्हणलं तरी विसरत नाही. आमच्या बाजारपेठेत २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर काढून ठेवलेली असायची, लोक म्हणायचे त्याच्यावर नाही येणार. त्याच्यावर आलं.

पुराचं सगळ्यांनी वाचलंय म्हणून ते नाही सांगत. चिखल, टीटी इंजेक्शन, डॉक्सी, गावोगावहून आलेली पोरं घमेली घेऊन, ते सगळं झालं. पण एक गोष्ट कुठल्याच पेपरात आली नाही, ती म्हणजे गोळ्या. प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या गोळ्या वाहून गेल्या. चिठ्ठ्या गेल्या. फाईल गेली. मेडिकलची दुकानं पण पाण्यात. लाइट नाही, इन्सुलिन कुठे ठेवणार. आणि माणूस म्हणतो, काय हो घर गेलंय आणि गोळीचं काय. चौथ्या-पाचव्या दिवशी चक्कर येऊन पडायला लागली माणसं.

आमच्या गल्लीत मेडिकलवाल्याकडे काम करणारा एक माणूस होता, त्याचं स्वतःचं घर छातीएवढ्या पाण्यात गेलेलं. तो एका कोरड्या वहीत बसला लिहीत. ह्या काकांची पिवळी छोटी, ह्या काकूंची गुलाबी अर्धी, सकाळी उपाशीपोटी. पंधरा-वीस वर्षं तो देत होता, त्याला पाठ होतं. ती वही डॉक्टरांनी बघितली, एकेकाला समोर बसवून बीपी बघून खात्री केली, आणि मग कराडहून औषधं मागवली. मला तो माणूस कधी विसरता येणार नाही, आणि तो स्वतः म्हणतो मी काय केलं, नावं लिहिली.

आता आम्ही काय करतो. कोकणात मे महिन्यात आगोट भरतात ना, तांदूळ, मसाला, सुकी मासळी, सरपण. त्या आगोटीत गोळ्या पण. पंधरा दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर. चिठ्ठीचा फोटो मुंबईच्या मुलाच्या मोबाईलवर. आमच्या गल्लीत हे प्रत्येक घरात आहे, आणि आठवण करायला कोणाला जावं लागत नाही, मसाला कुटायला काढला की आपोआप लक्षात येतं.

कातळसडा:
हे मी आजच आईला सांगतो. खरंच.

बंदर_वहिनी:
दापोलीकडून. सगळ्यांचं वाचलं, डोळे भरले मध्येच.

आमच्या बंदरावर पुरुषांची तपासणी कधी व्हायचीच नाही कारण ते घरी नसतात. पहाटे बोट, आठ-आठ दिवस बाहेर, तंबाखू, बोटीवरचं जेवण म्हणजे तिखट नि मीठ. एकदा शिबिर आलं जानेवारीत, भर हंगामात, तपासले कोण तर आम्ही बायका आणि पोरं. मग आम्हीच सांगितलं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा या. बोटी वर ओढलेल्या, माणसं शेडमध्ये जाळी विणत बसलेली, उठून कुठे जात नाहीत. तिथेच बीपी, तिथेच तोंड उघडून बघणं (तंबाखूने पांढरे चट्टे पडतात ते). दोघांचं वेळेत सापडलं. नारळी पौर्णिमेच्या आत सगळं आटपायचं, एकदा समुद्राला नारळ दिला की कोणी थांबत नाही.

दुसरं मला सांगायचं होतं ते निसर्ग वादळाचं. ३ जून २०२०. आमची नारळ-सुपारीची वाडी सासऱ्यांनी केलेली, पाच तासात आडवी. लाइट महिनाभर नाही. त्यात कोरोना, कोणी कोणाकडे जायचं नाही. सासरे बोलायचे बंद झाले. जेवायला बसायचे, उठायचे, ओट्यावर बसून त्या पडलेल्या झाडांकडे बघत राहायचे. रात्री उठून वाडीत जायचे. आम्हाला भीती वाटायची की काही करतील. त्याला आजार म्हणतात हे माहीत नव्हतं, आम्ही म्हणायचो मनाला लावून घेतलंय.

मग सावड सुरू झाली. शेतीत असते तशी, आज तुमच्या वाडीतली झाडं कापायची, उद्या आमच्या. तोंडाला फडकी बांधून. सासऱ्यांना कोणी समजावलं नाही, फक्त म्हणाले तात्या कोयता घ्या, तुम्हाला दोरी बांधायचं कळतं. झाड कसं ओढायचं ते त्यांनाच ठाऊक होतं. पहिले दोन दिवस नुसते उभे राहिले, तिसऱ्या दिवशी एका पोरावर ओरडले, अरे तिकडून नको. घरी येऊन माझी सासू रडली, म्हणाली ओरडले आज.

तरी पूर्ण बरे नाही झाले त्याने, खोटं कशाला सांगू. झोप नव्हतीच. बीपीच्या निमित्ताने दापोलीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी झोपेचं विचारलं आणि औषध दिलं, सहा महिने घेतलं. त्याची लाज वाटायची त्यांना, आम्ही शेजाऱ्यांना बीपीची गोळी म्हणून सांगायचो. आता मनाच्या आजारासाठी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, फोनवर मराठीत बोलतात, तेव्हा असतं तर बरं झालं असतं. नवीन रोपं लावलीत. नारळ धरायला सहा-सात वर्षं. रोज सकाळी मोजून येतात, एकशे चौदा आहेत, गवा आला तर एकशे बारा.

तिकीट_कन्फर्म:
बंदर वहिनी, मी काल रात्री वाचलं आणि उत्तर लिहायचं राहून गेलं.

माझी आई देवगडच्या बाजूला एकटीच असते. वय ७४. फोनवर विचारलं तर म्हणते मी ठणठणीत. तुमचं वाचून विचारलं की गोळ्या घेतेस का, तर म्हणाली घेते, आठवण झाली की. मी इथे ठाण्यात बसून सरकारला शिव्या देतो, त्या चालूच राहतील, पण तिचं बीपी शेवटचं कधी बघितलं ते मला माहीत नाही. आमच्या गावात आशा कोण आहे ते कसं कळेल?

मी_आशा_वाडी_क्रमांक_तीन:
दादा उपकेंद्रात विचारा, आता बोर्ड आयुष्मान आरोग्य मंदिर असा असतो. तिथे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असतात, बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात. नाहीतर मला गावाचं नाव व्यक्तिगत निरोपात द्या, आमचा आशांचा ग्रुप आहे, सिंधुदुर्गच्या पण आहेत ओळखीच्या. आणि आईला विचारा सोलकढी रोज असते का. आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ किती असतं कोणाच्या लक्षातच येत नाही. त्यावर सुकी मासळी, लोणचं, आंबोशी. दिवसाला पाच ग्रॅम मीठ म्हणतात, म्हणजे चमचाभर, आपल्याकडे ते सकाळच्या पेजेलाच संपतं.

बांद्याचो_झील:
ताई सगळां सांगा, पण सुक्या बांगड्याक हात लावू नकात.

मी_आशा_वाडी_क्रमांक_तीन:
आठवड्यातून एकदा खा. भिजत घालून, पाणी ओतून. मी पण खाते.

परतीचापाऊस:
मंडळी, दोन आठवड्यांनी परत आलो. काय केलं ते सांगतो.

शाळेचा व्हरांडा बंद. आमच्या वाडीत मंगळवारी रात्री देवळात भजन असतं, तीस-पस्तीस माणसं, बायका वेगळ्या बसतात. बुवांना विचारलं, ते आधी म्हणाले देवळात कसलं मशीन. म्हणलं तुमचंच पहिलं बघू. बघितलं, १६४/९६. गप्प झाले. मग म्हणाले गजर व्हायच्या आधी उरकायचं, नंतर कोणी हलणार नाही. गजरानंतर तसं पण बरोबर येणार नाही, ढोलकीवाल्याचं एकदा बघितलं तर आकाशाला भिडलेलं. पाच मिनिटं गप्प बसवून, पाठ टेकवून, तंबाखू नाही चहा नाही, मग बघायचं असतं हे मी उपकेंद्राच्या सीएचओ मॅडमकडून नीट शिकून आलो, आधी आम्ही बोलता बोलता बघत होतो, म्हणजे निम्मी रीडिंग बोगस असणार. त्या मॅडम महिन्यातून एका मंगळवारी स्वतः येते म्हणाल्या.

पहिल्या मंगळवारी एकवीस झाले. दुसऱ्या मंगळवारी पाऊस होता, एकोणीस. वही बुवांकडेच ठेवली, अभंगाच्या वहीबरोबर. वडील पण आले, काठी टेकत, दोन वर्षांत पहिल्यांदा देवळात. भजनाला आले होते, बीपीला नाही, असं मला तीनदा सांगितलं.

एक अडचण. बायकांच्या बाजूला मशीन नेलं तर काही जणींचं फार जास्त दाखवतंय, दुसऱ्यांदा बघितलं तरी. मशीन बिघडलंय का?

मी_आशा_वाडी_क्रमांक_तीन:
पट्टा कुठला आहे? दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर जास्तच दाखवतं. मोठ्या मापाचा पट्टा वेगळा मिळतो, त्याच कंपनीचा घ्या.

परतीचापाऊस:
तेच असणार! आक्कांच्या दंडाला तो नीट चिकटतच नाही, मी हाताने दाबून धरत होतो.

बांद्याचो_झील:
हाताक धरून बीपी बघतंस तर तेंचां वाढतलांच रे.

तिकीट_कन्फर्म:
पट्टा मी पाठवतो. मशीनचं नाव आणि दंडाचं माप टाका इथे. आणि आईचं बघून झालं काल, १५२. आगळाची बाटली कुठे लपवू असं विचारत होती.